बेपत्ताला रकाना नाही

पुष्पावतीबाईंनी पदराने चष्म्याची काच पुसली आणि मोबाईल पुन्हा डोळ्यांजवळ धरला. पडद्यावर पळसाच्या पानांचा माणूस निजला होता. देठाला देठ बांधून केलेले हात, पाय, छाती. डोक्याच्या जागी नारळ. ओढ्यावरच्या वाऱ्याने छातीवरचं एक पान उचललं गेलं, तसा कुणाचा तरी हात पुढे आला, त्याने ते दाबलं आणि वर खडा ठेवला.

“तीनशेसाठ लागतात,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “गुरुजी मोजत होते. मध्येच चुकले, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजली.”

बाईंनी मोबाईल तिच्या हातात परत दिला. पुढचं त्यांना बघायचं नव्हतं. पुढे हीच मुलगी पेटती चूड घेऊन येणार होती.

“हा व्हिडिओ जोडू का बाई? पूरक कागदपत्रांत ‘इतर पुरावा’ म्हणून एक जागा आहे.”

“नको.”

“मी बी तेच म्हनले,” भिंतीला टेकून बसलेली सविता म्हणाली. “तिकडची मानसं म्हनतील, पाला जाळत्यात आन बाप मेला म्हनून सांगत्यात.”

ज्ञानेश्वरीने आईकडे पाहिलं नाही. ती मोबाईलवर वेळ बघत होती. सव्वातीन वाजले होते.

तिसगावच्या बाजारतळामागे पुष्पावतीबाईंच्या दोन खोल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी गावाला त्या अजून नुसत्या ‘बाई’ होत्या. मायलेकी दुपारच्या टेम्पोने वस्तीवरून आल्या होत्या. आल्या आल्या सविताने चहाचा कप तोंडाला लावला आणि खाली ठेवला होता.

“साखर घातलीय का नुसती दाखवलीय, बाई?”

“मला डॉक्टरांनी बंद केलीय. हात आपोआप आखडतो.”

“मंग आमाला बी बंद केली म्हना की.”

तेवढंच काय ते हसणं झालं होतं. नंतर पोरीने पिशवीतून कागद काढले.

“पुन्हा एकदा सांग,” बाई म्हणाल्या. “सावकाश.”

ज्ञानेश्वरीने सांगितलं. पुण्याजवळच्या एका विद्यापीठात तिने दिवाळीच्या आधी अर्ज केला होता. खेड्यातली वीस मुलं ते दरवर्षी निवडतात. शिक्षण, राहणं, जेवण, सगळं त्यांचं. अर्जाला जोडून काही पाठवायचं असेल तर पाठवा, असं लिहिलं होतं. तिने आपली विहिरींची वही पाठवली. वस्तीच्या आसपास अकरा विहिरी आहेत. तीन वर्षं दर अमावस्येला ती गाठी मारलेली दोरी सोडून पाणी मोजत होती. कुणी सांगितलं नव्हतं. एका उन्हाळ्यात पाच विहिरी एका आठवड्यात कोरड्या पडल्या, तेव्हापासून तिला वाटायला लागलं होतं की हे आधी कळायला हवं होतं. ती वही तिकडच्या लोकांनी वाचली आणि कळवलं की तुमची जागा राखून ठेवली आहे, राहिलेले कागद पूर्ण करा.

“राहिलेले म्हणजे?”

“वडिलांचा कागद. फॉर्ममध्ये वडिलांच्या नावापुढे दोनच रकाने आहेत. हयात म्हटलं की त्यांची सही मागतात. मयत म्हटलं की दाखला मागतात. बेपत्ताला रकाना नाही.”

“मग तू काय लिहिलंस?”

“आधी हयात लिहिलं. सहीपाशी अडलं. मग मार्गशीर्षात हे झालं,” तिने मोबाईलवर बोट ठेवलं, “तेव्हा बदल कळवला. मयत. आता ते दाखला मागतात. ग्रामसेवक म्हणतात, कोर्टाचा हुकूम आणा, मग दाखला देतो. त्याला वर्षं जातील. मी तसं लिहून कळवलं तर त्यांचं उत्तर आलं, की कुटुंबाला दहा वर्षांहून जास्त ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या माणसाचं पत्र चालेल. आज पाचच्या आत. नाही आलं तर जागा पुढच्या मुलाला जाईल.”

“दहा वर्षं,” बाई म्हणाल्या. “तुझ्या बापाचा हात धरून मी त्याला ‘ग’ गिरवायला लावलाय.”

“म्हनूनच तुमच्याकडं आलो,” सविता म्हणाली.

बाईंनी फळीवरचा कागद घेतला, पेन घेतलं. कागदाखाली पुठ्ठा ठेवला. ‘मी, खाली सही करणार’ इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला.

“तुमच्या आधारची झेरॉक्स पण लागेल बाई,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “द्या, मी तोवर काढून आणते.”

ती गेली. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात कुणीतरी तिला सांगितलेलं ऐकू आलं, लाईट गेलीय, अर्धा तास तरी येत नाही. त्यावर ती म्हणाली, मी थांबते.

तिचा बाप रामहरी बाईंच्या वर्गात चौथीपर्यंत होता. दसरा झाला की आईबाप कोयते घेऊन उसाला निघायचे आणि त्यांच्याबरोबर तोही. होळीनंतर परत यायचा, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे घेऊन. इतके दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाचं नाव पटावरून कमी करावं लागे. बाईंनी ते कधी केलं नाही. पाच महिने त्या रोज त्याच्या नावापुढे ‘ह’ लिहीत राहिल्या. साहेब तपासणीला आले की म्हणायच्या, आत्ताच पाणी प्यायला गेलाय. त्या काळी बऱ्याच शिक्षकांनी असं केलं. कागदावर खोटं लिहिल्याचं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं. मुलगा परत यायचा, बसायची जागा त्याला मिळायची.

तोच रामहरी तेरा वर्षांपूर्वी कोपरगावकडच्या एका कारखान्यावरच्या उसाच्या फडातून नाहीसा झाला. पहाटे गाडी भरली, कोयता राहत्या कोपीच्या कुडाला अडकवला आणि गेला. कुणी म्हणालं कालव्यात पडला, कुणी म्हणालं मुकादमाला भिऊन पळाला. ज्ञानेश्वरी तेव्हा पाच वर्षांची होती. सविताने एकटीने कोयता ओढला, पुढे तोही सोडला आणि वस्तीवर शेळ्या घेतल्या. कपाळाचं कुंकू मात्र ठेवलं. बाजाराच्या दिवशी ती यायची तेव्हा बाईंची नजर आधी त्या कुंकवावर जायची.

आणि सहा वर्षांपूर्वी बाईंनी त्याला पाहिलं होतं.

धाकट्या बहिणीच्या दहाव्याला त्या कोपरगावला गेल्या होत्या. गोदावरीच्या घाटावरून परत स्टँडवर आल्या तर फाटकाबाहेर एक माणूस पेरूंची पाटी घेऊन बसला होता. त्याच्या मांडीवर तीनेक वर्षांची पोर झोपली होती. त्याने वर पाहिलं आणि उभाच राहिला. पोर खांद्यावर घेऊन उभा राहिला. पोट सुटलं होतं, केस मागे गेले होते. पण डोळे चौथीतलेच होते.

“बाई,” तो म्हणाला.

त्याने कागदात चार पेरू बांधून त्यांच्या हातात दिले. दुसऱ्या हाताने पोरीची पाठ थोपटत राहिला.

“बाई, मी तुमाला दिसलो न्हाई. एवढं करा.”

गाडी लागली होती. त्या चढल्या. पेरू त्यांनी सीटवरच ठेवून दिले आणि तिसगावला उतरल्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी तीन वेळा ठरवलं, वस्तीवर जाऊन सांगायचं. मग मनात यायचं, त्याच्या मांडीवरच्या त्या पोरीचं काय. मग वाटायचं, सविताला कसं सांगू, कोणत्या शब्दांत. मग महिना उलटला. मग वर्ष. उशीर इतका झाला की सांगण्यापेक्षा इतके दिवस का सांगितलं नाही, हेच मोठं होऊन बसलं. दारात कुणाची सावली पडली की त्यांना वाटायचं, तोच आला. आता सगळं आपोआप होईल. तो आला नाही.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला रामहरीच्या थोरल्या भावाने, गोरक्षनाथने, सगळ्यांना ओढ्यावर बोलावलं. बारा वर्षं होऊन गेली, आता त्याला वाटेला लावलं पाहिजे. बाईही गेल्या. बायकांमध्ये, बाभळीखाली उभ्या राहिल्या. अग्नी पुतण्याच्या हातून द्यायचं ठरलं होतं. ऐनवेळी सविता म्हणाली, पोरीच्या हातनं. जरा कुजबूज झाली. मग पाला पेटला. नारळ तडकला तेव्हा बाईंनी कान झाकले. सविताने ओढ्याच्या पाण्यात हात बुडवले, साबण लावून बांगड्या एकेक करून काढल्या. एकही फुटू दिली नाही. आणि ज्ञानेश्वरी दोरी घेऊन विहिरी मोजायला निघून गेली. अमावस्या होती.

त्या दिवसाचं लुगडं बाईंनी दोनदा धुतलं. धुराचा वास गेला नव्हता.

“सविता,” त्या आता म्हणाल्या. “हे पत्र मला लिहिता यायचं नाही.”

सविता कागदाकडे बघत राहिली.

“पोरीचं नुकसान व्हावं असं नाही. मी मघापासून… नाही, मी फार दिवसांपासून तुला एक सांगायचं म्हणतेय.” पेन त्यांनी पुठ्ठ्यावर आडवं ठेवलं. ते घरंगळलं, तसं पुन्हा उचललं. “मी कोपरगावला गेले होते. बहिणीच्या दहाव्याला.”

“पेरू ग्वाड हुते का, बाई?”

बाईंनी वर पाहिलं. सविता तशीच भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर. कपाळ मोकळं होतं. आवाजात टोमणाही नव्हता. बाजारात भाव विचारावा तसं तिने विचारलं होतं.

“मी खाल्ले नाहीत,” बाई म्हणाल्या.

“त्यानंच सांगितलं मला. बाई यिऊन गेल्या, चार पेरू दिले, पैसं घ्यायचं सुदरलं न्हाई.”

“तुला माहीत होतं?”

“तुमच्या आदी दोन वरसं. आमच्या टोळीतल्या रतनबाईनं बघितला हुता. मला म्हनली, तुज्या मालकासारखा एक दिसला. मी गेले. रस्त्याच्या पल्याड रसाच्या गाड्यामागं हुबी ऱ्हायले. दुपार गेली, च्यार वाजले. एक बाई डबा घिऊन आली. त्यानं खाल्लं. हात धुतले. मग मी माघारी आले.”

“बोलली नाहीस?”

“पयल्या साली न्हाई. दुसऱ्या साली बोलले. काय बोलायचं? तो रडला. मला रडू आलं न्हाई, त्येचंच नवल वाटलं मला.” तिने चहाचा कप बोटाने फिरवला. “तुमी बघून गेल्याचं कळलं, तवा वाटलं, आता बाई येतील सांगायला. बाजारच्या दिवशी मुद्दाम तुमच्या दारावरनं जायची मी. तुमी पानी इचारायच्या. च्या इचारायच्या. पोरीचा अभ्यास इचारायच्या. लई राग यायचा बाई तुमचा. त्याच्यापरीस तुमचा जास्ती.”

“यायलाच हवा.”

“आता न्हाई येत. कंटाळा आला रागाचा.”

बाहेर झेरॉक्सवाल्याच्या दुकानातून कुणीतरी खाकरल्याचा आवाज आला. दोघींनी दाराकडे पाहिलं. कुणी आलं नाही.

“मग हे कशाला केलंस?” बाईंनी आवाज खाली आणला. “तो पाला, ती चूड. पोरीच्या हातून?”

“दिवाळी झाल्यावर सही मागायला गेल्ते. फारम घिऊन. म्हनलं, आजवर तुला कायबी मागितलं न्हाई, पोरीसाठी एवढी सही दे. त्यानं समदा कागद वाचला. पोरीचं नाव दोनदा वाचलं. मग घडी घालून माज्या हातात दिला. म्हनला, सही केली तर मी हाय असं हुईल. इथं घर हाय, त्येंला कायबी ठावं न्हाई. मी म्हनलं, मंग तू न्हाईस असं करू का?”

तिने कप भिंतीकडे सरकवला.

“तर म्हनला, कर.”

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि हातात धरून बसल्या.

“घरी आले आन थोरल्या भाऊजींला म्हनलं, करून टाका. ते तर दोन वरसं मागंच लागलं हुतं.”

“ज्ञानेश्वरीला…”

“न्हाई. तिला कायबी म्हाईत न्हाई. तिनं अग्नी दिलाय बाई. तिच्या हातनं बाप गेलाय. आता तिला पुन्हा जिता करून कशाला देऊ? तो जिता हुता तवा त्यानं एक सही दिली न्हाई. मेलेला तेवढं तरी दिऊ दे.” सविताने पदर खांद्यावर नीट केला. “तुमच्यावर जबरी न्हाई बाई. लिवावंसं वाटलं तर लिवा. न्हाई तर मी पोरीला सांगते, बाईंचा हात दुखतोय.”

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बाईंनी चष्मा लावला. ‘मी, खाली सही करणार’ याच्या पुढे त्यांनी लिहायला सुरुवात केली. त्यांचं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं होतं, गोल आणि सुटं. रामहरी त्यांचा विद्यार्थी असल्याचं लिहिलं. तेरा वर्षांपूर्वी तो ऊसतोडीहून परत आला नाही, हे लिहिलं. सविताने मुलीला एकटीने वाढवलं, हे लिहिलं. मार्गशीर्ष अमावस्येला कुटुंबाने रिवाजाप्रमाणे त्याचा अंत्यविधी केला व त्या वेळी मी स्वतः हजर होते, हेही लिहिलं. सगळं खरं होतं. मग एक ओळ राहिली. ती ओळ लिहायला त्यांना या सगळ्याइतकाच वेळ लागला.

“वाचू?” त्यांनी विचारलं.

“वाचा.”

त्यांनी वाचलं. शेवटची ओळ होती: सदर गृहस्थ या मायलेकींकरिता आता हयात नाहीत, हे मी माझ्या माहितीवरून लिहून देते.

सविताने मान हलवली. “पुरे हाय.”

बाईंनी सही केली.

लाईट साडेचारला आली. ज्ञानेश्वरी झेरॉक्स घेऊन धावतच आली. तिने पत्र उंबऱ्यापाशी उजेडात धरून वाचलं. शेवटच्या ओळीपाशी ती किंचित थांबली, असं बाईंना वाटलं. पण तिने फक्त कागद सरळ केला, चारी कोपऱ्यांवर पेन, चष्म्याचं घर, कप आणि आपला अंगठा ठेवला आणि फोटो काढला, झेरॉक्सचाही काढला. मग ती मोबाईल घेऊन अंगणात गेली, कारण आत रेंज नव्हती. सविता तिच्या मागे जाऊन उभी राहिली. बाई दारात.

“गेलं?” सविताने विचारलं.

“फिरतंय अजून.”

“आता?”

“थांब ना आई.”

पाचला सात कमी असताना ते गेलं. ज्ञानेश्वरीने आलेला मजकूर आधी मनात वाचला, मग मराठीत करून सांगितला. आपण पाठवलेली माहिती मिळाली आहे. कागदपत्रे पूर्ण झाली आहेत. यापुढे कोणताही बदल स्वीकारला जाणार नाही.

“म्हंजे आता कायबी झालं, तरी बदलायचं न्हाई?”

“न्हाई.”

“कायबी?”

“न्हाई आई. बंद झालं.”

“बरं झालं,” सविता म्हणाली. ती जरा वेळ अंगणातच उभी राहिली. तिने दोन्ही हात एकमेकांत धरले होते, मनगटापाशी. मग तिला एकदम टेम्पोची आठवण झाली. “मी पुढं जाऊन थांबवते त्याला. तू कागद घे. बाई, येते.”

“ये,” बाई म्हणाल्या. आणखी काही म्हणायचं होतं, पण सविता वळली होती.

ज्ञानेश्वरीने कागद पिशवीत भरले. पत्र तिने वेगळ्या प्लास्टिकमध्ये ठेवलं. चपला घालून झाल्या तरी ती गेली नाही.

“बाई, जूनमध्ये मी गेले की आई एकटी राहील.”

“मी आहे ना. जाऊन येत जाईन.”

“तसं नाही.” तिने बाजारतळाकडे पाहिलं. आई दूर गेली होती. “दिवाळी झाली की ती कोपरगावला जाते. एक दिवस. मुकादमाकडे काम आहे म्हणून सांगते. आमची टोळी चार वर्षं झाली, कर्नाटकात जाते. मुकादमही तिकडेच असतो.”

बाईंनी दाराची चौकट धरली.

“येत्या दिवाळीला जाईल का नाही, माहीत नाही,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “गेली तर जाऊ द्या. थोरल्या चुलत्यांनी विचारलं तर सांगा, तुमच्याकडे राहिली होती.”

“तू तिला विचारलं नाहीस कधी?”

“विचारणार होते. त्या दिवशी ओढ्यावर. अग्नी द्यायच्या आधी विचारायचं, असं रात्रीच ठरवलं होतं.” तिने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. “पण चूड आईनेच पेटवली बाई. आणि माझ्यापुढे धरली. वारा होता तरी तिचा हात जराही हलत नव्हता.”

रस्त्यावर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. सविताची हाक ऐकू आली.

“मग मी घेतली,” ज्ञानेश्वरी म्हणाली, आणि पायरी उतरून चालू लागली.